विद्यार्थी कर्ज थकले आणि पगाराला कात्री लागली तर...

पदवीदान झाले, पेढे वाटून झाले, की साधारण सहा महिन्यांनी सरकारी विद्यार्थी कर्जाचा पहिला हप्ता सुरू होतो. नोकरी लांबली किंवा गेली की हप्ते चुकतात. आपल्याकडे ही गोष्ट लाजेपोटी कोणी बोलत नाही आणि आलेली पाकिटे न फोडताच ड्रॉवरमध्ये जातात. नेमके तेच महागात पडते.

फेडरल कर्जाचे हप्ते २७० दिवस थकले की कर्ज 'डिफॉल्ट'मध्ये जाते. त्यानंतर कोर्टात न जाताही सरकार तुमच्या कंपनीला हुकूम पाठवून पगारातून वसुली करू शकते. यालाच 'वेज गार्निशमेंट' म्हणतात. कर आणि आरोग्य विम्याचा हप्ता वजा जाता उरलेल्या पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत ही कपात होते. दर दोन आठवड्यांना २,००० डॉलर उरत असतील, तर ३०० डॉलर गेले. वर्षाच्या २६ पगारांत ७,८०० डॉलर! जुने झाले म्हणून हे कर्ज सुटत नाही. वसुलीची कालमर्यादा १९९१ सालीच रद्द झाली आहे.

मात्र कपातीपूर्वी किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. हे ३० दिवस सोन्याचे समजा. या मुदतीत लेखी सुनावणी मागितली, तर निकाल लागेपर्यंत कपात सुरू होत नाही. कर्ज आपले नाही, ते फेडले आहे, कपातीने घर चालणार नाही, किंवा नोकरीवरून काढल्यानंतर पुन्हा कामाला लागून सलग १२ महिने झालेले नाहीत, ही कारणे मांडता येतात. कागदपत्रे जोडा आणि प्रती ठेवा. या कपातीमुळे कंपनी तुम्हाला नोकरीवरून काढू शकत नाही.

डिफॉल्टमधून बाहेर पडायचे दोन प्रमुख मार्ग आहेत. 'रिहॅबिलिटेशन'मध्ये १० महिन्यांत ९ हप्ते वेळेवर भरायचे. हप्ता उत्पन्नाप्रमाणे ठरतो आणि शेवटी डिफॉल्टची नोंद पुसली जाते. 'कन्सॉलिडेशन' लवकर होते, पण नोंद राहते. शिवाय कपात सुरू असताना ते सहसा मिळत नाही. म्हणूनही नोटीस येताच हालचाल करावी. दोन्हींचे अर्ज फुकट असतात. फी घेऊन 'कर्ज माफ करून देतो' म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहा.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांना फेडरल कर्ज मिळत नाही. ती खासगी कर्ज घेतात आणि पुष्कळदा इथला मामा किंवा काका को-सायनर होतो. खासगी सावकाराला कपातीसाठी आधी कोर्टाचा निकाल मिळवावा लागतो. म्हणून समन्स आले तर उत्तर द्याच; गैरहजर राहिलात तर निकाल तुमच्याविरुद्ध जातो. भाचा भारतात परतला तरी मामाची सही तशीच राहते. सही करण्यापूर्वी हप्ता आपल्याला झेपेल का, एवढा हिशेब जरूर करावा.

घरात असे एखादे पाकीट पडून असेल, तर आजच फोडा आणि त्यावरची तारीख पाहा.