ऋतुफळांचे काँपोट आणि पूर्वजांची साखर

ऑगस्ट महिन्याचा उत्तरार्ध लागला की इंग्लंडातील प्लमची झाडे फळांच्या भाराने वाकतात, पाऊलवाटांच्या कडेच्या काटेरी कुंपणांवर ब्लॅकबेरीचे काळेभोर घोस डोकावू लागतात, आणि गणेशचतुर्थीही त्याच सुमारास येऊन ठेपते. मॉरिशसहून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत गणरायाच्या नैवेद्याची सिद्धता चालू असते. मोदकाचे स्थान अढळ आहेच. परंतु त्याच्या शेजारी, येथल्या भूमीतील ऋतुफळांचे एखादे पक्वान्न मांडले जाणेही तितकेच शोभून दिसते. असे एक सुलभ पक्वान्न म्हणजे काँपोट.

काँपोट हा शब्द मूळचा फ्रेंच. मॉरिशसवर १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांचा अंमल होता; पुढे इंग्रजांची सत्ता आली, तरी बेटावरील बोलीत आणि स्वयंपाकघरात फ्रेंच शब्द टिकून राहिले. फळांच्या फोडी थोड्या साखरेत मंद आचेवर, त्यांचा आकार शक्यतो न मोडता शिजविणे, एवढाच या पदार्थाचा मथितार्थ. मराठी मनुष्यास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. कोकणातील घराघरांतून उन्हाळ्यात मुरांबा, साखरांबा आणि गुळांबा यांच्या बरण्या भरल्या जातच असत. भेद आहे तो साखरेच्या प्रमाणाचा. मुरांब्यात साखर फळाच्या बरोबरीने किंवा त्याहूनही अधिक पडते, फळातील पाणी बांधून ठेवते, आणि म्हणूनच तो वर्षभर टिकतो. काँपोटमध्ये साखर फळाची आंबट धार बोथट करण्यापुरतीच असते. त्यामुळे ते चार-पाच दिवसांचेच सोबती.

या साखरेची कहाणी मात्र साधी नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन पोर्ट लुईस बंदरात आले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. सुरुवातीच्या करारांत पुरुषास दरमहा पाच रुपये, शिधा व वस्त्र अशी बोली असे. पुढील काही दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व आसपासच्या प्रदेशातील मराठी माणसे पुष्कळ होती. ज्या धक्क्यावर त्यांची नोंद झाली, त्या आप्रवासी घाटास २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्रिनिदाद, गयाना, नाताळ आणि फिजी येथील गिरमिटियांच्या घामातूनही ऊसच पिकला.

ती साखर जहाजांतून विलायतेस येई. १८७४ साली ब्रिटनमध्ये साखरेवरील जकात रद्द झाली, साखर स्वस्त झाली, आणि पाव व जॅम हे इंग्रज कामकऱ्यांच्या घरचे नित्याचे खाणे होऊन बसले. सारांश, इंग्लंडची फळे आणि गिरमिटियांच्या कष्टाची साखर यांची गाठ फार पूर्वीच पडलेली आहे. आज त्यांचे पणतू व खापरपणतू येथल्या दुकानांतून मॉरिशसची तपकिरी कच्ची साखर विकत घेतात, तेव्हा त्या पुडक्यात केवळ गोडवा नसतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू जाता, प्रथम ऋतूचा विचार केला पाहिजे. जानेवारीपासून मार्चपर्यंत यॉर्कशायरच्या वेकफील्ड परिसरात अंधाऱ्या छपरांखाली वाढविलेल्या रूबार्बचे गुलाबी देठ मिळतात. हे देठ काळोखात मेणबत्तीच्या उजेडात तोडण्याची तेथे प्रथा आहे. जून-जुलैत गूजबेरी येते. तिची आंबट चव कैरीची आठवण करून देते. ऑगस्ट-सप्टेंबरात प्लम व ब्लॅकबेरी, आणि शरदात ब्रॅम्ली सफरचंदे. या सफरचंदाचे पहिले झाड १८०९ साली नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल गावी एका मुलीने बी पेरून वाढविले, असे सांगतात. ते इतके आंबट असते की कैरीच्या अभावी त्याचाच गुळांबाही उत्तम साधतो.

गणेशोत्सवासाठी प्लमचे काँपोट करावयाचे झाल्यास अर्धा किलो पिकलेली परंतु घट्ट फळे धुऊन, अर्धी चिरून बिया काढाव्यात. पसरट पातेल्यात ७५ ग्रॅम साखर, चार मोठे चमचे पाणी आणि चार ठेचलेले वेलदोडे घालून साखर विरघळू द्यावी. येथे एकतारी पाकाची वाट पाहू नये. नंतर फोडी एकाच थरात मांडून, झाकण ठेवून, मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवाव्यात. डाव फिरविल्यास फोडी मोडतात. पातेलेच हलकेसे हलवावे. आच बंद केल्यावर मूठभर ब्लॅकबेरी सोडाव्यात. पातेले स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई उडालेले पितळी पातेले आंबट फळांना वर्ज्य. काँपोट निवल्यावर काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावे. रूबार्बचे करताना देठच घ्यावेत, पाने विषारी असल्याने टाकून द्यावीत. ब्रॅम्लीचा मात्र लगदाच होतो. त्यात दोन लवंगा घातल्या की झाले.

साखर हात राखून घालण्यास आणखी एक कारण आहे. मधुमेहाचे प्रमाण मॉरिशसमध्ये फार मोठे आहे, आणि ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या लोकांनाही या व्याधीचा धोका इतरांहून अधिक असतो. ज्या साखरेने पूर्वजांचे आयुष्य झिजविले, तिनेच वंशजांचे आरोग्य झिजवावे, हे काही योग्य नव्हे. काँपोटमध्ये फळ मुख्य आणि साखर त्याच्या सेवेला असते. मळ्यातील क्रम याच्या नेमका उलट होता.

मॉरिशसच्या डोंगराळ भागात, प्लेन शांपान्यच्या झुडपांतून लाल चिनी पेरू वेचून आणणारी आणि त्यांचा जॅम करणारी कुटुंबे अजूनही आहेत. येथे त्याच वंशाची मुले कुंपणावरच्या ब्लॅकबेरी वेचतात, बोटे जांभळी करून घरी येतात. आजीने त्यांना पातेल्याजवळ उभे करावे, फळांची नावे विचारावीत, आणि साखरेचा चमचा त्यांच्या हाती देताना ती कोठून आली तेही सांगावे. नैवेद्याची वाटी त्यानंतरच देवापुढे ठेवावी.