चालत्या यंत्रांतील कार्डांची अदलाबदल

घरांतील विजेचा दिवा बदलावयाचा असला म्हणजे आपण प्रथम बटण बंद करतों. पिठाची चक्की नादुरुस्त झाली तर ती थांबवूनच कारागीर तिला हात लावतो. परंतु कांहीं यंत्रें अशीं आहेत कीं, तीं थांबविलीं तर हजारों लोकांचीं कामें एकदम अडतात. इंटरनेटवरील मोठा राउटर हें त्यांपैकींच एक होय. त्याचा बिघडलेला भाग तो चालू असतांनाच कसा बदलतां येतो, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

राउटर हें संदेशांच्या जाळ्यांतील जंक्शन आहे. इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान तुकडे करून पाठविला जातो. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर जावयाच्या ठिकाणाचा पत्ता असतो. तो वाचून राउटर तें योग्य वाटेस लावतो. या वाटा ज्या दारांनीं यंत्रांत येतात, तीं दारें म्हणजे इंटरफेस कार्डें.

उदाहरणासाठीं सिस्को कंपनीनें १९९५ सालीं बाजारांत आणलेली ७५०० ही मालिका घेऊं. तिच्यांतील ७५१३ या राउटरांत १३ खण असत. त्यांपैकीं २ मुख्य प्रोसेसरांसाठीं व ११ इंटरफेस कार्डांसाठीं होते. खणांच्या मागें असलेल्या पाटीस बॅकप्लेन म्हणतात. सर्व कार्डें तिच्यावरील सामाईक तारांवरूनच एकमेकांशीं व्यवहार करतात.

येथेंच खरी अडचण उत्पन्न होते. नव्या कार्डावरील कंडेन्सर रिकामे असतात. वीज मिळतांच ते ती एकदम ओढून घेतात. त्यामुळें दाब क्षणभर उतरला, तर शेजारचीं निरोगी कार्डें बंद पडण्याची भीति असते. शिवाय सामाईक तारांवर पॅकेटांची ये-जा चालू असतांना मध्येंच धातूचा स्पर्श झाला, तर त्यांतील अंक बिघडतात. म्हणून वीज हळूहळू आंत सोडणारें मंडल अशा कार्डांवर बसवितात. दुसऱ्या अडचणीवरील तोड अगदीं साधी आहे. ती म्हणजे पिनांची लांबी कमीजास्त ठेवणें. कार्ड आंत जातांना लांब पिना प्रथम टेकतात व आंखूड मागाहून. या क्रमावरून कार्ड येत आहे कीं जात आहे, हें यंत्रास कळतें. मग तें सामाईक तारांवरील व्यवहार क्षणमात्र थांबवितें आणि जोडणी पुरी होतांच पुन्हां सुरू करतें. म्हणजे यंत्र बंद पडूं नये, यासाठींच तें क्षणभर स्वतः होऊन थांबतें.

यापुढचा प्रश्न ओळखीचा. प्रत्येक इथरनेट दारास ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. शेजारचीं यंत्रें तो लक्षांत ठेवतात. सिस्कोच्या राउटरांत ही आठवण, निराळी सूचना दिलेली नसल्यास, ४ तास टिकते. पत्ता कार्डावरच कोरलेला असता, तर कार्डाबरोबर तोहि बदलला असता आणि शेजारी जुन्याच पत्त्यावर पॅकेटें पाठवीत राहण्याचा संभव होता. म्हणून ७५०० मध्यें हे पत्ते कार्डावर न ठेवतां राउटरच्या सांगाड्यांतच ठेविले होते, आणि ते खणाच्या क्रमांकाप्रमाणें दिले जात. कार्ड बदललें तरी खणाची ओळख कायम राहते.

त्याच जातीचें कार्ड त्याच खणांत बसविलें, तर यंत्र पूर्वींच्या सूचना त्यास लागू करून दार उघडतें. मात्र ज्या दारासाठीं पूर्वीं सूचनाच नव्हत्या, तें व्यवस्थापकाची आज्ञा होईपर्यंत बंदच राहतें. अनोळखी वाटेनें वाहतूक आपोआप सुरू होऊं नये, हा त्यांतील हेतु.

याचा अर्थ कांहींच नुकसान होत नाहीं असा नव्हे. काढलेल्या कार्डावरील वाटा तेवढा वेळ तुटतात. राउटर त्या आपल्या यादींतून काढतो व शेजाऱ्यांस तसें कळवितो. दुसरी वाट असल्यास वाहतूक तिकडे वळते. वाटेंत हरवलेलीं पॅकेटें टीसीपी या नियमानें पाठविणारा पुन्हां पाठवितो, म्हणून वाचकास पान उघडण्यास किंचित् उशीर झाला एवढेंच जाणवतें. परंतु दुसरी वाटच नसेल, तर त्या कार्डावर अवलंबून असलेल्यांस नवें कार्ड येईपर्यंत खोळंबून राहावें लागतें. ७५०० मध्यें आणखी एक उणीव होती. नव्या कार्डासाठीं पॅकेटांच्या स्मरणजागेची वाटणी पुन्हां करावी लागली, तर कांहीं सेकंद सर्वच दारांवरील वाहतूक थांबे.

सरतेशेवटीं सारें माणसाच्या हातावर येतें. कारागिरानें मनगटास जमिनीशीं जोडलेला पट्टा बांधावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज कार्डास बाधत नाहीं. कार्ड भीतभीत अर्धवट सारूं नये. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांनीं तें एका दमांत पुरतें बसवावें. फार सावकाश किंवा तिरपें सारल्यास पिनांचा क्रम चुकतो आणि सगळें यंत्र अडकण्याचा संभव असतो. एका वेळीं एकाच कार्डास हात लावावा व दुसऱ्यास हात लावण्यापूर्वीं निदान १५ सेकंद थांबावें, असा ७५०० साठीं नियम होता.

ती मालिका आतां जुनी झाली असली, तरी तिच्यांतील युक्ति पुढील यंत्रांतहि उपयोगीं पडली आहे. बदल केव्हां ना केव्हां होणारच, हें गृहीत धरून ज्यानें पिनांची लांबी आधींच ठरविली, त्याच्यामुळेंच आजचा कारागीर चालत्या यंत्रास निर्धास्तपणें हात लावूं शकतो.