मनगटाला सोसणारी टेनिसची रॅकेट

मनगट दुखू लागले की टेनिस खेळणारा मनुष्य बहुधा प्रथम अधिक हलकी रॅकेट शोधू लागतो. जड वस्तू हाताला शिणवते, हलकी शिणवीत नाही, हा नित्याचा अनुभव यामागे असतो. आणि पाण्याची बादली उचलण्यापुरता तो खराही आहे. परंतु रॅकेट ही केवळ उचलावयाची वस्तू नव्हे. तिच्यावर वेगाने येणारा चेंडू आदळावयाचा असतो, आणि त्या क्षणी हलकेपणा हा गुण न राहता दोष ठरू शकतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

नियमाप्रमाणे चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. समजा, ५८ ग्रॅमचा चेंडू सेकंदास २० मीटर वेगाने आला आणि ३० मीटर वेगाने उलट दिशेस गेला. वेगातील एकूण पालट ५० मीटरांचा, म्हणजे संवेगातील बदल २.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद झाला. चेंडू व तारा यांचा स्पर्श साधारणतः ५ मिलिसेकंदच टिकतो. भागाकार केल्यास सरासरी बल ५८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ६० किलोग्रॅम वजनाइतके येते! हे सर्व बल मनगटावर येत नाही, याचे कारण रॅकेटचे जडत्व मध्ये उभे असते. रॅकेट जितकी हलकी, तितकी ती आघाताने अधिक वेगाने मागे रेटली जाते, आणि तिला थोपविण्याचे काम मनगटाच्या कंडरांवर येऊन पडते. जुन्या लाकडी रॅकेटी ३७० ते ४०० ग्रॅम वजनाच्या असत. आज २६० ग्रॅमच्या, किंबहुना त्याहूनही हलक्या रॅकेटी दुकानात सहज मिळतात.

तथापि जड रॅकेट सरसकट चांगली, असाही निष्कर्ष काढता येत नाही. वजन किती, याइतकेच ते कोठे आहे यास महत्त्व आहे. रॅकेटची प्रचलित लांबी सुमारे ६८.५ सेंटिमीटर असते, आणि ती फिरविण्यास लागणारा प्रयास मोजताना मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवरील अक्ष धरण्याचा प्रघात आहे. या अक्षाभोवतीचे निरूढी परिबल, म्हणजे फिरण्यास होणारा विरोध, सामान्य रॅकेटीत ३०० ते ३३० किलोग्रॅम-वर्ग सेंटिमीटर भरते. आता शेंड्यावर १० ग्रॅम शिसे चिकटविले, तर अंतर ५८ सेंटिमीटर असल्यामुळे या आकड्यात सुमारे ३४ ची, म्हणजे एकदशांशाची भर पडते. तेच १० ग्रॅम मुठीत अक्षापाशी भरले, तर भर जवळजवळ शून्य. मुठीकडील वजन फटका मारताना जाणवत नाही, आणि आघाताच्या वेळी मात्र हाताच्या वजनात मिळून मुठीचा हिसका कमी करते. म्हणूनच ३०० ते ३२० ग्रॅम वजनाची, पण गुरुत्वमध्य मुठीकडे असलेली रॅकेट दुखऱ्या मनगटास बहुधा मानवते. परीक्षा सोपी आहे : रॅकेट लांबीच्या मध्यावर बोटाच्या आधाराने तोलून धरावी, ती मुठीच्या बाजूस कलली पाहिजे.

चेंडू मध्यरेषेवर न बसता कडेला बसला, म्हणजे रॅकेट मुठीत पिळवटते. नवशिक्याच्या मनगटाचे हाल मुख्यतः येथे होतात. हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्यास रुंद चौकटीच्या रॅकेटचे एकस्व १९७६ मध्ये मिळाले, त्याचे मर्म हेच. कडेचे वजन मध्यरेषेपासून एकपंचमांशाने दूर नेले की पिळास होणारा विरोध अंतराच्या वर्गाप्रमाणे ४४ टक्क्यांनी वाढतो.

चौकटीचा ताठरपणा हा यापुढील प्रश्न. आघातानंतर चौकट वाकते व कंप पावते. लाकडात ही कंपने सेकंदास सुमारे १००, तर कार्बन तंतूंच्या ताठ चौकटीत १५० वा अधिक असतात. तारांच्या मध्याजवळ या कंपनाचा एक निस्पंद बिंदू असतो. चेंडू तेथे बसल्यास कंपन जवळजवळ उद्भवतच नाही. तारांमध्ये अडकवावयाचा रबरी गोळा मनगटाचे रक्षण करतो, अशी समजूत फार पसरली आहे. तो तारांचा सेकंदास पाचशेच्या आसपासचा झणकार शांत करतो. चौकटीच्या कंपनावर त्याचा परिणाम नगण्य असतो. कानास बरे वाटते, एवढेच.

तारांचा विचार मात्र सर्वांत आधी व्हावयास हवा, कारण त्या बदलणे स्वस्त पडते. गुरांच्या आतड्यापासून केलेली तात सर्वांत मऊ. नायलॉनच्या बहुतंतुक तारा तिच्या खालोखाल. गुस्ताव्हो क्युर्टेनने १९९७ ची फ्रेंच स्पर्धा जिंकल्यानंतर लोकप्रिय झालेल्या पॉलिएस्टर तारा चेंडूस फिरकी उत्तम देतात, परंतु त्या ताठ असतात व त्यांचा ताण लवकर उतरतो. ताण दोन किलोग्रॅमनी कमी केल्यास स्पर्शकाळ किंचित वाढतो व बलाचा कळस खाली येतो.

मुठीच्या जाडीविषयी मतभेद आहेत. तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचे अंतर हा मुठीचा परीघ असावा, असा नियम सांगितला जातो. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परिघात पाव इंचाचा फरक केला असता अग्रबाहूच्या स्नायूंच्या क्रियेत लक्षणीय भेद आढळला नाही. मूठ किती घट्ट आवळली जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आवळलेला हात धक्का पुरता आत घेतो.

पकडीचा प्रकारही विसरता कामा नये. २००९ मधील एका अभ्यासात ‘वेस्टर्न’ व ‘सेमी-वेस्टर्न’ पकडींच्या खेळाडूंत करंगळीकडील, तर ‘ईस्टर्न’ पकडीच्या खेळाडूंत अंगठ्याकडील इजा अधिक आढळल्या. हुआन मार्तिन देल पोत्रोच्या उजव्या मनगटावर २०१० मध्ये आणि डाव्यावर २०१४-१५ मध्ये तीनदा शस्त्रक्रिया झाली. तो उजव्या हाताचा खेळाडू. परंतु बॅकहँड दोन्ही हातांनी मारणाऱ्याचे डावे मनगटही तितकेच राबते. मनगट वळविताना करंगळीच्या बाजूस कट्‌ असा आवाज होऊन कळ येत असेल, तर रॅकेटच्या दुकानात जाण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. तेथील कूर्चा फाटली असल्यास वरीलपैकी कोणताही उपाय पुरा पडणार नाही.