रॉड होल्डरची ताकद डेकच्या खाली

मालवण-देवगडच्या समुद्रात सुरमईसाठी ट्रोलिंग करतात, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेतात, तेव्हा रॉड तासन्‌तास हातात धरून बसणं शक्य नसतं. तो बोटीच्या काठावर बसवलेल्या नळकांड्यात, रॉड होल्डरमध्ये, खोवलेला असतो. सुरमई आमिषावर येते ती पूर्ण वेगात. पहिला हिसका बसतो तो होल्डरला. दुकानात मात्र आपण होल्डरची चकाकी बघतो, जाडी बघतो, किंमत विचारतो. तो कशावर आणि कसा बसवायचा, हे बोटीवर ड्रिल हातात घेतल्यावर ठरतं. माझ्या मते सगळं शास्त्र तिथेच आहे.

थोडं गणित करू. दोरी २४ किलोला तुटणारी असेल, तर रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, साधारण तिच्या एकतृतीयांशावर, ८ किलोवर लावतात. आठ किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ही ओढ रॉडच्या टोकाला आहे. टोक डेकपासून दीड मीटर दूर असेल आणि ओढ काटकोनात असेल, तर डेकवर १२ किलोग्रॅम-मीटरचं आघूर्ण येतं. होल्डरच्या पट्टीवरचे बोल्ट एकमेकांपासून जेमतेम ८ सेंटिमीटरवर असतात. त्या तोकड्या अंतरात हे आघूर्ण पेलायचं, तर एका बाजूच्या बोल्टवर सुमारे १५० किलोची उपटणारी ओढ येते.

रॉड वाकतो, हे आपलं नशीब. तो वाकला की टोक जवळ येतं, तरफेचा हात आखूड होतो आणि हिसका पसरून सौम्य होतो. पण बोट लाटेवर आपटत असते, होल्डर दिवसभर मागेपुढे हलत राहतो. एका झटक्यात न तुटणारी वस्तू हजारो छोट्या झटक्यांनी तुटते. त्याला धातूशास्त्रात थकवा म्हणतात, आणि फायबरही त्याला अपवाद नाही.

म्हणूनच नुसत्या स्क्रूवर होल्डर बसवू नये. फायबरचा थर अनेक ठिकाणी काही मिलिमीटरच जाड असतो. स्क्रूच्या दोन-तीन आट्यांची त्यातली पकड ती किती असणार! आरपार बोल्ट, खालून रुंद आधारपट्टी, मोठे वायसर आणि न सुटणारा नट, हीच रीत खरी. आधारपट्टीमुळे तीच ओढ नाण्याएवढ्या जागेऐवजी तळहाताएवढ्या जागेवर पसरते. भोक पाडण्याआधी खाली हात घालून वायर किंवा इंधनाची नळी नाही ना, हे चाचपायचं. भोकाची वरची कड किंचित तिरकी घासायची, म्हणजे बोल्ट आवळताना जेलकोटला, फायबरवरच्या चकचकीत थराला, तडे जात नाहीत.

खरा शत्रू मात्र मासा नव्हे, पाणी आहे. अनेक फायबर बोटींचा डेक एकसंध नसतो. वर-खाली फायबर आणि मध्ये प्लायवूड, बाल्सा लाकूड किंवा फोम. वजन न वाढवता ताठपणा मिळवण्याची ही सुंदर युक्ती आहे, पण आपण पाडलेलं प्रत्येक भोक त्या मधल्या थराचं दार उघडतं. आत शिरलेलं पाणी फायबरमुळे बाहेर पडत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून डेक चकचकीत दिसतो. उपाय सोपा, पण वेळखाऊ. बोल्टचं भोक आधी गरजेपेक्षा मोठं पाडायचं, घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरायचं, ती कडक झाली की मधोमध योग्य मापाचं भोक पाडायचं. मग बोल्ट लाकडाला शिवतच नाही. होल्डरच्या नळीसाठी पाडलेल्या मोठ्या भोकाच्या कडाही इपॉक्सीनं बंद करायच्या. या कामात घाई करणाऱ्याला पुढे अख्खा डेक कापावा लागतो.

धातूंची जोडी जुळवणं हेही तितकंच महत्त्वाचं. १७६१ साली ब्रिटिश नौदलानं 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं, तर लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचा तुकडा तिथे खिळा आणि तांब्यामध्ये राहिला होता! खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो आणि त्यातला एक झिजतो. ॲल्युमिनियमचा होल्डर स्टेनलेस बोल्टनं आवळला, तर बोल्टभोवती जमणारी पांढरी भुकटी म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियमच. मध्ये नायलॉनचा वायसर किंवा विद्युतरोधक पेस्ट घाला. स्टेनलेस घेताना ३१६ दर्जाचं घ्या. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम समुद्रातल्या क्लोराइडला तोंड देतं.

ज्यांची बोट भाड्याची आहे किंवा ज्यांना भोकच नको, त्यांनी रेलिंगच्या पाइपाला आवळायचा क्लॅम्प घ्यावा. हलक्या माशांना तो चालतो. पण गोल पाइपावर तो फक्त घर्षणाच्या जोरावर थांबतो, मोठा मासा लागला की फिरतो. तिथे रॉडला वेगळी सुरक्षादोरी बांधाच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा ही कामं निघतात. पण कोकणातला पावसाळा इपॉक्सीला मानवत नाही. ओलसर लाकडावर ती नीट धरत नाही आणि दमट हवेत तिच्यावर चिकट थर येतो. उलट, एकाच ट्यूबमधून येणारं पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतं. तेव्हा इपॉक्सीचं काम पाऊस लागण्याआधी किंवा कोरड्या शेडमध्ये उरका. आणि जुने होल्डर असतील, तर आजच एक बोल्ट काढून पाहा. भोकातून तपकिरी पाणी आलं, तर नवा होल्डर विकत घेण्याआधी डेक दुरुस्त करा.