नवा खेळाडू टिकवायचा तर जोड बघा

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मंडळाने ऑनलाइन बुद्धिबळाचा गट सुरू केला. मच्छेतली शाळकरी मुले, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे काही सभासद, पुण्याला नि बेंगळूरला नोकरीसाठी गेलेली आपली मुले-मुली आणि घरातले आजोबा, सगळ्यांनी हौसेने नावे दिली. गणपती येईपर्यंत निम्म्याहून जास्त मंडळी गळाली. पोरांचे मन लागत नाही, असे आम्ही आधी म्हटले. मग घरोघरी विचारले, तेव्हा चूक आमचीच निघाली. आम्ही नियम शिकवले, खाते उघडून दिले आणि पोरांना एकटे सोडून दिले.

आपण वापरतो ते 'लिचेस' संकेतस्थळ संपूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, भाषांच्या यादीत मराठीही आहे. पण नव्या खात्याला तिथे सुरुवातीलाच १५०० गुणांकन मिळते, पुढे प्रश्नचिन्ह लावलेले. त्याचा अर्थ, या खेळाडूची ताकद अजून ठरलेली नाही. संगणक मात्र त्याची गाठ १५०० च्या आसपासच्या मुरलेल्या खेळाडूशी घालतो. कालच घोड्याची चाल शिकलेले पोर दहा-बारा चालींत मात खाते आणि गुण धडाधड उतरतात. काही डावांनंतर गुणांकन खऱ्या ठिकाणी स्थिरावते व बरोबरीचे खेळाडू मिळू लागतात. पण तोवर पोराने "मला हे जमत नाही" असे ठरवून मोबाईल ठेवलेला असतो.

कुस्तीच्या मैदानात असे कुणी करत नाही. जोड बघूनच कुस्ती लावतात. तालमीतला वस्तादही नव्या पठ्ठ्याला पहिल्याच दिवशी नामांकित मल्लाशी भिडवत नाही. बुद्धिबळातही हेच करायला हवे होते. यंदा आम्ही ते असे करत आहोत.

पहिले दहा डाव ओळखीच्या माणसाशी. 'मित्राला आव्हान' देऊन, गुणांकन न धरता खेळायचे. अशा डावात समोरच्याच्या संमतीने चाल मागे घेता येते. वेळ कमी पडला तर समोरच्याला पंधरा सेकंद जादा देण्याची सोय आहे. मोठ्यांनी ती सढळ हाताने वापरावी. मुद्दाम हरू नये, मुलांना ते लगेच कळते. त्यापेक्षा आपला वजीर न वापरता खेळावे आणि डाव खरा खेळावा.

घड्याळ मोठे ठेवा. एक मिनिटाचे, तीन मिनिटांचे डाव बघायला मजेशीर असतात, पण त्यात नवा माणूस विचार करायला शिकत नाही. पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा, हे प्रमाण बरे. पाळीवर असणाऱ्यांसाठी पत्रव्यवहारासारखे डाव आहेत, त्यात एका चालीला काही दिवस मिळतात. दुपारच्या पाळीहून आलेला बाप रात्री एक चाल करतो आणि बेंगळूरची लेक सकाळी उत्तर देते. असा एक डाव आपल्या गटात महिनाभर चालला. त्या दोघांचे रोजचे बोलणेही त्यामुळे वाढले.

आजोबांचे देशी नियम लक्षात घ्या. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. संगणक हे मान्य करत नाही आणि आजोबा वैतागतात. त्यांना सुलतान खान यांची गोष्ट सांगा. ते देशी पद्धतीचा खेळ शिकलेले, आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी मागाहून आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. आजोबांना नव्याने शिकायच्या आहेत त्या दोन-चार गोष्टीच.

हरल्यावर एकच चूक बघा. डाव संपला की संगणक सगळ्या चुका मांडून दाखवतो. नवख्याच्या डावात त्या इतक्या असतात की बघूनच जीव दडपतो. शेजारी बसून विचारा, "डाव कुठे फिरला असे तुला वाटते?" तेवढी एक चाल पाहा आणि थांबा.

पालकांची काळजीही रास्त आहे. लहानांच्या खात्यावर 'किड मोड' चालू करा, म्हणजे अनोळखी कुणाशी संदेशांची देवाणघेवाण होत नाही. इथे पैसे लावायचा प्रश्नच नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आहे, त्या खेळांशी याची गल्लत करू नये.

शेवटची गोष्ट संघाची. २०२० मध्ये कोरोनामुळे जागतिक ऑलिंपियाड ऑनलाइन झाले. प्रत्येक संघात दोन पुरुष, दोन महिला, वीस वर्षांखालील एक मुलगा व एक मुलगी. भारताचे कर्णधार होते नाशिकचे विदित गुजराथी, तर मुलींच्या पटावर खेळणाऱ्यांत होती नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. ३० ऑगस्टच्या अंतिम लढतीत रशियाविरुद्ध खेळताना दिव्या व निहाल सरीन यांचे इंटरनेट तुटले आणि दोघांचे डाव वेळेवर गेले. भारताने दाद मागितली, तेव्हा दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले गेले. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

आपल्या घरातून ग्रँडमास्टर निघेल की नाही, हा आपला विषय नाही. पण सहा पटांचा तो साचा आपल्या घरांना नेमका बसतो: बाबा, काका, आई, आत्या, दादा, ताई. म्हणून यंदा असे घरचे संघ करायचे ठरले आहे. दर रविवारी संध्याकाळी स्विस पद्धतीने फेऱ्या होतील. त्यात हरलेला बाहेर पडत नाही, पुढच्या फेरीत जवळपास तेवढ्याच गुणांच्या खेळाडूशी खेळतो. तीन डाव हरलेल्या मुलालाही चौथ्या फेरीत त्याची जोड मिळते.

मागच्या वर्षी सोडून गेलेल्यांची नावे आमच्याकडे आहेत. आम्ही त्यांच्या घरी जाणारच आहोत. तुमच्या शेजारी त्यांतला कुणी राहत असेल तर आमची वाट बघू नका. आज रात्रीच त्याच्याशी एक डाव खेळा.