‘आधी माझ्याकडे यायचं होतंस’

लैंगिक छळाची तक्रार घेऊन गेलेल्या विद्यार्थिनीला विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये बहुधा हेच ऐकायला मिळतं. ‘समितीबिमितीकडे कशाला? मी बोलतो सरांशी. परीक्षा तोंडावर आलीय, घरी कळलं तर शिक्षण बंद होईल तुझं.’ बोलणारा चांगल्या मनाने बोलत असेलही. पण तोंडी तक्रारीची नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर संस्थेवर कोणतीही मुदत लागू होत नाही. तिची स्वतःची मुदत मात्र संपत जाते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, तेवढंच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमावलीनुसार कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना अंतर्गत तक्रार समितीवर बसताच येत नाही. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला प्राध्यापक, सोबत शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी, तेही निवडून आलेले. मर्जीतल्या मुलांची नावं फलकावर रंगवणं म्हणजे निवडणूक नव्हे. लेखी तक्रार आली की सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी 90 दिवसांत. शिफारशींवर कारवाई 30 दिवसांत व्हायला हवी. आपसांत मिटवण्याची वाट कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात आहे, पण तक्रारदाराने स्वतः मागितली तरच, आणि पैशांची तडजोड अजिबात नाही.

खरा कस लागतो तो त्या 90 दिवसांत. पीएचडी करणारी मुलगी घ्या. तक्रार गाईडविरुद्ध, आणि प्रगती अहवालावर सहीही त्याचीच. नियमावलीने यावर तोडगा दिला आहे: चौकशी चालू असताना त्याला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं, दोघांपैकी एकाची दुसऱ्या विभागात बदली करता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. या उपायांची मागणी तक्रारीच्या अर्जातच लिहावी. समितीनेही निकालाची वाट न पाहता पहिल्या बैठकीत त्या मागणीचा विचार करावा, कारण तक्रारदार मुली मागे हटतात त्या याच काळात.

ओडिशातल्या बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयात बी.एड.च्या एका विद्यार्थिनीने तर लेखी तक्रार केली होती. विभागप्रमुखाविरुद्धचं ते प्रकरण अंतर्गत समितीपुढे होतं. 12 जुलै 2025 रोजी तिने महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतलं. दोन दिवसांनी ती गेली. कागद दाखल होतो, पण मुलगी एकटीच राहते, हे यापेक्षा भीषण रीतीने कळायला नको होतं.

जातीच्या छळाची तक्रार तर आणखी निसरड्या वाटेने जाते. आयोगाच्याच 2012 च्या नियमावलीत भेदभावविरोधी अधिकारी आहे, पण तो एकटा. लैंगिक छळाच्या समितीसारखे निवडून आलेले विद्यार्थी किंवा बाहेरचा सदस्य तिथे नाहीत, आणि अपील संस्थेच्या प्रमुखाकडेच. मुंबईत आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी 2019 च्या मे महिन्यात आत्महत्या केली. छळाबद्दल आपण आधीच सांगितलं होतं, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आहे. त्याच वर्षी पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि अशाच छळाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याची आई राधिका या नियमांना धार यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

लैंगिक छळाची तक्रार लिहिणं जमत नसेल तर समितीनेच मदत करायची असते. तक्रारदार शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या तक्रार देण्याच्या स्थितीत नसेल तर तिच्या वतीने मैत्रीण, नातेवाईक किंवा सहकारी अर्ज देऊ शकतात. 2013 च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे अर्जाच्या सहा प्रती लागतात. सोबत पुरावे, साक्षीदारांची नावं आणि पत्ते. सातवी प्रत स्वतःसाठी काढावी आणि तिच्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.