हवा मोफत, गेज खिशात

गोंदियात थंडीच्या लाटेत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, तर मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंशांवर चढतो. टायरला हा फरक बरोबर कळतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी घसरलं की दाब १ पीएसआयने घटतो. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय हवा झिरपतेच. त्यामुळे दिवाळीला नीट भरलेली हवा संक्रांतीपर्यंत कमी झालेली असते.

हवा मापावी सकाळी, गाडी हलवण्याआधी. देवरीहून महामार्गाने तापून आलेल्या टायरचा आकडा फुगलेला असतो. तो पाहून हवा सोडू नये. योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर असतो तो कमाल दाब, त्याला भुलू नका. छोटा गेज आणि पायपंप एवढ्यावर भागतं. पेट्रोल पंपांनी तर हवा मोफतच द्यायची असते. नायट्रोजनला वेगळे पैसे? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच की! सहकुटुंब, भरल्या डिकीने नवेगावबांधला निघालात तर स्टिकरवरचा जास्त भाराचा आकडा धरा, आणि त्याच वेळी स्टेपनीही तपासून घ्या.